हिरडीवरची लाल, रक्ताळणारी गाठ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिरड्यांचा डॉक्टर असल्यामुळे मला व्हॉट्सॲपवर जे फोटो येतात ते जेवताना उघडण्यासारखे नसतात. एका हाताने ओठ वर ओढलेला, दुसऱ्या हातात फोन, डोक्यावर ट्यूबलाइट. गाठ धूसर आणि मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर मात्र लख्ख. फोटोखाली प्रश्न असतो आणि तो बहुतेकदा आधी कुणीतरी विचारलेलाच असतो. असे पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. फोटोवरून निदान करता येत नाही, तसंच हे पान वाचूनही करता येणार नाही. पण दवाखान्यात जाण्याआधी काय विचारायचं आणि कशाला घाबरायचं नाही, एवढं नक्की कळेल.

१. हिरडीवर लाल मांस वाढलंय. ब्रश लागला तरी रक्त येतं, पण दुखत नाही. हे काय असेल?

तुम्ही सांगताय ते वर्णन बऱ्याचदा रक्तवाहिन्यांच्या साध्या वाढीचं असतं. वैद्यकीय नाव पायोजेनिक ग्रॅन्युलोमा. हिरडीच्या एखाद्या जागी सतत काहीतरी टोचत किंवा चिघळत राहतं, शरीर ती जखम भरायला बारीक रक्तवाहिन्या तयार करतं आणि मग थांबायचं विसरतं. गाठ म्हणजे त्या केशवाहिन्यांचा गुंता. म्हणून रंग डाळिंबाच्या दाण्यासारखा, स्पर्श मऊ आणि रक्त निघायला निमित्त पुरेसं.

तोंडातल्या अशा गाठींपैकी साधारण तीन-चतुर्थांश हिरडीवरच येतात. त्यातही वरच्या पुढच्या दातांपाशी, ओठाच्या बाजूला, दोन दातांमध्ये हिरडीचं जे टोक असतं तिथे जास्त. बाकीच्या ओठावर, जिभेवर किंवा गालाच्या आतून. स्त्रियांमध्ये प्रमाण अधिक, पण पुरुषांना आणि लहान मुलांनाही होते. काही आठवड्यांत वाढते, मग बरेचदा एका आकाराला येऊन थांबते.

सुरुवातीलाच 'बऱ्याचदा' म्हटलं, कारण अशाच दिसणाऱ्या दुसऱ्या गाठीही असतात. त्या प्रश्न ६ मध्ये.

२. रिपोर्टवर 'पायोजेनिक ग्रॅन्युलोमा' आलंय. म्हणजे आत पू झालाय का? ग्रॅन्युलोमा म्हणजे टीबी ना?

दोन्ही नाही. वैद्यकशास्त्रातल्या फसव्या नावांची यादी केली तर हे नाव वरच्या पाचांत येईल.

१८९७ मध्ये पाँसे आणि दोर या फ्रेंच डॉक्टरांनी ही गाठ प्रथम वर्णन केली तेव्हा त्यांना वाटलं की घोड्यांना खच्ची केल्यानंतर जखमेवर ज्या गाठी येतात, त्याच संसर्गाने माणसाला हे होतंय. १९०४ मध्ये हार्ट्झेल यांनी 'पू करणारा ग्रॅन्युलोमा' अशा अर्थाचं नाव रूढ केलं. पुढे कळलं की यात पू करणारे जंतू मुळाशी नसतात आणि क्षयात सूक्ष्मदर्शकाखाली जो ग्रॅन्युलोमा दिसतो तोही यात नसतो. १९८० पासून 'लोब्युलर कॅपिलरी हिमँजिओमा' हे जास्त बरोबर नाव वापरात आलं: पुंजक्यापुंजक्याने वाढलेल्या केशवाहिन्या. पण जुनं नाव चिकटलं ते चिकटलंच. दोन लॅबचे दोन रिपोर्ट हातात असतील आणि एकावर एक नाव, दुसऱ्यावर दुसरं, तर रोग एकच आहे.

क्षयाच्या भीतीने छातीचा एक्स-रे काढून आलेले लोक मी पाहिलेत. आपल्याकडे 'ग्रॅन्युलोमा' म्हटलं की घरात शांतता पसरते, ते स्वाभाविकच आहे. या रिपोर्टसाठी तरी ती गरज नाही.

कधी रिपोर्टवर 'फायब्रस' असा शब्दही येतो. गाठ जुनी झाली की रक्तवाहिन्या कमी होतात, तंतू वाढतात, लाल रंग जाऊन ती गुलाबी आणि घट्ट होते. तीही त्याच घरची.

३. हा कॅन्सर आहे का? पुढे कॅन्सर होऊ शकतो का?

पायोजेनिक ग्रॅन्युलोमा कॅन्सर नाही आणि त्याचा कॅन्सर होत नाही.

भीती वेगळ्या जागी ठेवायला हवी. हिरडीचा कॅन्सर सुरुवातीला अशाच लाल, दाणेदार, रक्ताळणाऱ्या मांसासारखा दिसू शकतो. शरीरात दुसरीकडे असलेला कॅन्सर, उदाहरणार्थ फुप्फुसाचा, स्तनाचा किंवा मूत्रपिंडाचा, हिरडीवर उतरतो तेव्हा तोही असाच दिसतो. म्हणून पूर्वी कधी कॅन्सरवर उपचार झाले असतील तर ते दातांच्या डॉक्टरला पहिल्याच भेटीत सांगा. 'त्याचा दातांशी काय संबंध' म्हणून लोक हे सांगत नाहीत.

तंबाखू, गुटखा किंवा मिश्री असेल तर माझा नियम कडक आहे. मिश्री लावणाऱ्या बाईच्या हिरडीवर कडक कडांची जखम, पांढरट चट्टा, किंवा दोन आठवड्यांत न भरणारं काहीही असेल तर वाट बघत बसायचं नाही, तुकडा तपासायचा. 'मी तंबाखू खात नाही, फक्त मिश्री लावते' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता तंबाखूचा प्रश्न विचारताना मिश्रीचा वेगळा विचारतो. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच.

४. मी रोज दोनदा ब्रश करते. तरी मला कशी झाली?

ब्रश दोनदा होतो, पण नेमका त्या जागी पोचतो का? आरशापुढे उभं राहून गाठीशेजारचे दोन दात नीट बघा. बहुतेक वेळा तिथे काहीतरी सापडतं: दातावर साचून दगड झालेलं कीटण, वाकडा दात, भरलेल्या दाताची बाहेर आलेली कड, नीट न बसलेल्या कॅपची किनार, तारेचा ब्रॅकेट, मोडका दात, किंवा कधीतरी अडकून राहिलेलं पेरूचं बी. हिरडीला रोज बारीक टोचणी मिळते आणि ती उत्तर देत राहते.

दुसरं कारण संप्रेरकं, म्हणजे हार्मोन्स. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन वाढलं की हिरडी त्याच कीटणाला दुपटीने प्रतिसाद देते. गरोदरपणात आणि वयात येताना गाठी जास्त दिसतात त्या म्हणूनच (गरोदरपणासाठी प्रश्न ८). काहींच्या बाबतीत आधी तिथे मार लागलेला असतो. आणि काहींच्या बाबतीत कितीही शोधलं तरी कारण हाती लागत नाही, हेही मान्य करायला हवं.

५. डॉक्टर नुसतं बघून ओळखतात का? कुठल्या तपासण्या कराव्या लागतात?

बघून अंदाज येतो. खात्री सूक्ष्मदर्शकाखाली होते.

दवाखान्यात मी काय करतो ते सांगतो. आधी विचारतो: कधीपासून, किती वेगाने, पाळी चुकली आहे का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, आधी हीच गाठ काढली होती का. मग बोट लावतो. मऊ आहे की कडक, देठावर लोंबतेय की पसरट बसलीय, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे बोटाखाली ठोका लागतो का. ठोका लागला तर माझा हात तिथेच थांबतो. का ते प्रश्न १७ मध्ये. मग काचेची पट्टी गाठीवर हलकेच दाबतो. रक्त वाहिन्यांमध्ये असेल तर काचेखाली गाठ फिकी पडते आणि काच उचलली की रंग परत भरतो. रुग्णाला आरसा धरायला दिला तर तोही हे बघतो, आणि 'रक्तवाहिन्यांची गाठ' म्हणजे काय हे माझ्या दहा वाक्यांपेक्षा त्याला तिथे जास्त कळतं. मात्र याने गाठ साधी की वाईट, हे ठरत नाही.

त्यानंतर त्या दाताचा छोटा एक्स-रे. पायोजेनिक ग्रॅन्युलोमा हिरडीत असतो, हाडात नाही. त्यामुळे हाड शक्यतो शाबूत दिसतं. दाताभोवतीचं हाड कुरतडल्यासारखं असेल, किंवा दात हाडाशिवाय तरंगतोय असं वाटलं, तर विचार बदलावा लागतो. गाठ काढायची ठरली की रक्ताच्या साध्या तपासण्या: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), साखर, गरज असेल तर रक्त गोठण्याची चाचणी. बस. प्रत्येकाला एमआरआय लागत नाही.

६. अशाच दिसणाऱ्या दुसऱ्या गाठी कोणत्या? फरक कसा कळतो?

नेहमी गोंधळ होतो तो तिघांचा.

पेरिफेरल जायंट सेल ग्रॅन्युलोमा. ही फक्त हिरडीवर किंवा दात पडलेल्या जागी होते. रंग लालपेक्षा पिकल्या जांभळाकडे झुकणारा, आणि खालच्या हाडाला बशीसारखा खळगा पाडू शकते. अशी गाठ परत परत येत असेल किंवा एकाहून जास्त असतील तर रक्तातलं कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोन तपासतो, कारण गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त काम करू लागल्या तर जबड्यात हुबेहूब अशाच गाठी येतात. तिथे हिरडी कापून उपयोग नाही, ग्रंथीवर उपचार करावे लागतात.

पेरिफेरल ऑसिफाइंग फायब्रोमा. हीदेखील हिरडीवरचीच, तरुण वयात जास्त. फिकट, घट्ट, आणि आत हाडासारखे कण असल्यामुळे कापताना ब्लेडला करकर जाणवते. काढल्यावर परत येण्याचं प्रमाण शंभरात ८ ते २०.

तिसरी गाठच नव्हे: किडलेल्या दाताच्या मुळाशी झालेला पू हिरडीतून बाहेर पडतो त्याचा फोड. दाबला की पू येतो, चव घाण लागते, फुगतो आणि बसतो. याला रूट कॅनाल लागतं. फोड कापून घेतला आणि दात तसाच ठेवला तर पंधरा दिवसांत तो हजर.

७. दुखत नाही तर काढायची कशाला? आपोआप जाईल ना?

गरोदरपणातली गाठ बऱ्याचदा जाते. इतरांची क्वचितच. गाठ असली की तिथे ब्रश करायची भीती वाटते, ब्रश होत नाही म्हणून कीटण वाढतं, कीटण वाढलं की गाठ वाढते. शिवाय चावताना ती दातांखाली येते आणि वर जखम होते. पण मुख्य कारण हे की काढल्याशिवाय ती नेमकी काय आहे हे कळत नाही.

खूप लहान गाठ असेल आणि शेजारी कीटणाचा दगड दिसत असेल तर मी आधी फक्त दात साफ करून दोन-तीन आठवडे थांबतो. काही चक्क आक्रसतात. तंबाखूवाल्यांना ही सूट नाही.

८. मला सहावा महिना चालू आहे आणि ही गाठ आली. बाळाला धोका आहे का? आता काढू का?

बाळाला या गाठीपासून धोका नाही. हिला 'प्रेग्नन्सी ट्यूमर' म्हणतात आणि त्यातल्या 'ट्यूमर' शब्दाने घरचे हबकतात. सूक्ष्मदर्शकाखाली ही आणि प्रश्न १ मधली गाठ यांत फरक नाही. शंभर गरोदर बायकांत पाचांहून कमी जणींना होते, साधारण तिसऱ्या महिन्यानंतर दिसू लागते आणि दिवस भरत जातील तशी वाढते. बाळंतपणानंतर संप्रेरकं उतरली, रक्तवाहिन्यांना वाढवणारे घटक कमी झाले की बहुतेक गाठी लहान होतात. काही पूर्ण जातात, काहींचा घट्ट गुलाबी कोंब उरतो.

म्हणून आपला पहिला पवित्रा: दात साफ करून घ्या आणि थांबा. दातांची सफाई गरोदरपणात करता येते आणि करायलाच हवी. 'पोटुशी बाईने दाताला हात लावू द्यायचा नाही' हा सल्ला देणाऱ्या सासूबाई प्रेमानेच बोलतात, पण त्या सल्ल्याने गाठ मोठी होते.

रोज रक्त येत असेल, सकाळी उशीचा अभ्रा लाल दिसत असेल, जेवता येत नसेल किंवा हिमोग्लोबिन उतरत असेल तर मात्र काढावी लागते. त्यासाठी चौथा ते सहावा महिना सोयीचा. लिग्नोकेनची भूल चालते, गरज असेल तर संरक्षक ॲप्रन घालून दाताचा छोटा एक्स-रे चालतो, वेदनेसाठी पॅरासिटामॉल चालतं. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक मनाने घ्यायचं नाही, टेट्रासायक्लिन गटातली प्रतिजैविकं तर नाहीच. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी मी आधी बोलून घेतो. दिवस भरत आले असतील तर खुर्चीत उताणं झोपल्यावर गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येऊन चक्कर येते, म्हणून उजव्या कुशीखाली उशी सरकवून डावीकडे थोडं कलतं ठेवतो.

एक तोटा आधीच सांगून ठेवतो: गरोदरपणात काढलेली गाठ बाळंतपणाआधी परत येण्याची शक्यता जास्त. थांबता येत असेल तर बाळंतपणानंतर दोन-तीन महिने थांबून, जे उरेल तेवढंच काढणं शहाणपणाचं.

९. रात्री अचानक रक्त सुरू झालं तर घरी काय करायचं?

बसून राहा, आडवं होऊ नका. स्वच्छ सुती कापडाची किंवा गॉजची घट्ट घडी ओली करून गाठीवर ठेवा आणि बोटाने दाबा. घड्याळ लावून पंधरा-वीस मिनिटं, मध्ये उचलून न बघता. लोक इथेच चुकतात: दर मिनिटाला 'थांबलं का' म्हणून बघतात आणि नुकतीच धरलेली गुठळी उचलून टाकतात. चुळा भरू नका, थुंकत बसू नका. बाहेरून गालावर बर्फ चालेल. वीस मिनिटं नीट दाबूनही वाहत असेल तर रुग्णालय गाठा. लाळेत मिसळलेलं रक्त दिसतं त्याहून कमी असतं, एवढं लक्षात ठेवा. एका चमच्याने अख्खं बेसिन लाल होतं.

१०. हळद, तुरटी, लवंगेचं तेल लावलं तर? गावाकडे दोऱ्याने आवळून पाडतात.

तुरटीने रक्त थोडा वेळ थांबतं, गाठ जात नाही. लवंगेचं तेल थेट लावलं तर हिरडी भाजते; मग माझ्याकडे गाठ आणि पांढरी पडलेली जखम असं दोन्ही येतं. हळदीने नुकसान नाही, पण तपासायला येण्याआधी लावू नका, खरा रंग दिसत नाही.

दोरा अजिबात नको. देठ आवळून वरचा भाग पडतो, मूळ आणि कारण तिथेच राहतं, जंतुसंसर्ग होतो आणि पडलेला तुकडा कुणी तपासत नाही.

११. गाठ काढतात कशी? किती दुखतं?

भूल देण्याची सुई टोचते तेवढंच. त्या औषधात ॲड्रेनॅलिन असतं, त्यामुळे दोन-तीन मिनिटांत लालभडक गाठ फिकी पडते आणि रक्तही कमी येतं. मग गाठ तिच्या मुळासकट, कडेची एक-दोन मिलिमीटर चांगली हिरडी घेऊन, खालच्या हाडावरच्या पातळ पडद्यापर्यंत काढतो. खरं काम त्यानंतर असतं: उघड्या झालेल्या मुळावरचं कीटण खरवडून काढणं, खुपणारी कड घासणं. टाके बहुधा लागत नाहीत. जखमेवर च्युइंग गमसारखा गुलाबी पॅक बसवतो, तो आठवडाभर राहतो. एकूण अर्धा तास.

दोन दिवस मऊ आणि गार खा: दहीभात, मऊ खिचडी निवलेली. चिवडा, शेंगदाणे, तिखट रस्सा आठवडाभर लांब. त्या जागी ब्रश नको, बाकी सगळीकडे हवाच. पॅक आपोआप निघाला तर घाबरू नका, फोन करा. हिरडी दोन-तीन आठवड्यांत भरते.

समोरचा दात असेल तर हिरडी थोडी वर सरकून दात लांब दिसू शकतो. गाठ देठावर असेल तर सहसा फरक कळतही नाही. बुंध्याशी पसरट असेल तर कळतो आणि तो पुढे हिरडीच्या छोट्या शस्त्रक्रियेने भरता येतो. हे आधी विचारून घ्या, नंतर आरशात बघून नको.

१२. लेझरने काढू की ब्लेडने? औषधाने नाही का जात?

लेझरने रक्त कमी येतं, टाके लागत नाहीत, मोठ्या किंवा खूप रक्ताळणाऱ्या गाठीला ते सोयीचं. भूल मात्र तिथेही द्यावी लागते. 'बिनदुखी लेझर' ही पाटीवरची भाषा आहे. लेझर आणि कॉटरी (विजेच्या उष्णतेने कापणारं उपकरण) कडा भाजतात, आणि भाजलेली कड पॅथॉलॉजिस्टला वाचता येत नाही. म्हणून शंका असलेली गाठ मी ब्लेडनेच काढतो. परत येण्या-न येण्याचं गणित साधनावर कमी आणि मुळाशी साफ झालं की नाही यावर जास्त.

गोळ्यांनी ही गाठ जात नाही. पायाच्या फुगलेल्या शिरांसाठी जे सोडियम टेट्राडेसिल सल्फेटचं इंजेक्शन देतात ते गाठीत देऊन ती सुकवता येते, कधी स्टेरॉइडचं इंजेक्शन, कधी गोठवून. परत परत येणाऱ्या किंवा कापल्याने दिसण्यात व्यंग राहील अशा जागी हे पर्याय ठीक आहेत. पण त्याला बऱ्याच फेऱ्या लागतात आणि तपासायला तुकडा मिळत नाही.

१३. तुकडा लॅबला पाठवायलाच हवा का? बायोप्सीने गाठ चिघळते, पसरते म्हणतात.

पाठवायलाच हवा. पसरत नाही. लहान गाठ पूर्ण काढून तीच तपासायला जाते, त्यामुळे 'आधी बायोप्सी, मग ऑपरेशन' अशा दोन फेऱ्याही सहसा होत नाहीत. तुकडा १० टक्के फॉर्मॅलिनच्या बाटलीत जातो. बाटलीवर तुमचं नाव आणि जागा लिहिली जातेय का बघा. रिपोर्टचे पैसे वाचवायला 'साधीच आहे, टाकून द्या' असं रुग्णही म्हणतात आणि काही डॉक्टरही. मी असा तुकडा टाकत नाही. खर्चाचा प्रश्न असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं किंवा गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय इथे काढणं आणि तपासणं दोन्ही कमी पैशांत होतं.

१४. काढली आणि दोन महिन्यांत परत आली. डॉक्टरांचं चुकलं का?

दरवेळी नाही. नीट काढूनही परत येण्याचं प्रमाण काही अहवालांत शंभरात पंधरा-सोळांपर्यंत आहे. कधी मात्र चुकतंही. माझं चुकलेलं सांगतो.

प्रॅक्टिसच्या दुसऱ्या वर्षी एका शिक्षिकेच्या वरच्या दाताजवळची गाठ मी काढली. कापणं सुबक झालं, मी खूश, आधीचा आणि नंतरचा फोटोही काढून ठेवला. अडीच महिन्यांनी बाई परत, गाठ तिथेच, तेवढीच. या वेळी अणकुचीदार हत्याराने हिरडीच्या आत दाताची मागची बाजू चाचपली तर टोक एका ठिकाणी अडखळलं. बाहेर काढलं तेव्हा हातमोज्याच्या बोटावर तिळाएवढा काळा कण होता. हिरडीखालच्या कीटणाचा. पुढून साफ केलं होतं, मागे बोट फिरवलं नव्हतं. दुसऱ्यांदा काढल्यावर गाठ आली नाही. दुसऱ्या वेळचे पैसे मी घेतले नाहीत. घेता आलेच नसते.

तर परत आली की आधी तो तीळ शोधायचा. मग जुना रिपोर्ट पुन्हा वाचायचा, आणि नवा तुकडा पुन्हा पाठवायचा, 'मागच्या वेळी साधी आली होती' म्हणून सोडायचा नाही. इम्प्लांटच्या (हाडात स्क्रू बसवून लावलेल्या कृत्रिम दाताच्या) शेजारी आलेल्या गाठीलाही हेच लागू: स्क्रूभोवती राहिलेलं सिमेंट किंवा साचलेलं कीटण बघायचं. इम्प्लांटभोवतीचं हाड झिजत असेल तर नुसती गाठ काढून भागत नाही.

१५. वडिलांना रक्त पातळ करायच्या गोळ्या आहेत. बंद करू का?

स्वतःच्या मनाने कधीच नाही. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल चालू ठेवूनच अशा लहान गाठी बहुतेकदा काढतो. हिरडीचं रक्त दाबून थांबवता येतं, बंद पडलेला स्टेंट दाबून उघडता येत नाही. वॉरफरिन किंवा असिनोकुमारोल असेल तर आदल्या दिवशीचा किंवा त्याच दिवशीचा आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी चाचणी) लागतो. निर्णय हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून. येताना गोळ्यांची पाकिटं आणा, 'ती पांढरी छोटी' पुरत नाही.

१६. एक गाठ नाही, सगळ्याच हिरड्या सुजल्यात. हेही तेच का?

बहुधा नाही. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन, फिटसाठी फेनिटॉइन, किडनी बदलल्यावर सायक्लोस्पोरिन, या औषधांनी हिरड्या सरसकट वाढतात. त्या घट्ट आणि गुलाबी असतात. गोळी बदलता येते का ते मूळ डॉक्टरांना विचारायचं.

हिरड्या काही दिवसांत भराभर सुजल्या, आपोआप रक्त येतंय, सोबत ताप, थकवा, अंगावर जांभळे ठिपके, असं असेल तर त्याच दिवशी सीबीसी. रक्ताचे काही कर्करोग पहिल्यांदा हिरडीतच दिसतात, आणि अशा माणसाच्या हिरडीला ब्लेड लावलं तर रक्त थांबवणं अवघड होतं. इथे दातांची सफाईसुद्धा रिपोर्ट हातात आल्यावरच.

१७. मुलाच्या गालावर जन्मापासून लाल डाग आहे, त्याच बाजूची हिरडीही फुगलेली. एक दात हलतोय, काढून टाकू का?

थांबा. इथवर सांगितलेलं काहीही या मुलाला लागू नाही.

बाळांच्या बाबतीत वेगवेगळ्या गोष्टी असतात. जन्मतःच हिरडीवर लोंबणारी गाठ, मुलींमध्ये खूप जास्त, ही जन्मजात एप्युलिस (एप्युलिस म्हणजे हिरडीवरची गाठ). १८७१ मध्ये नॉयमान यांनी वर्णन केलेली. ती जन्मानंतर वाढत नाही, दूध प्यायला अडथळा असेल तर काढतात आणि परत येत नाही. जन्मानंतर काही आठवड्यांनी उमटून पहिल्या वर्षात वाढणारी लाल गाठ म्हणजे हिमँजिओमा. ती पुढे आपोआप उतरते, आणि त्रास देत असेल तर २००८ मध्ये फ्रान्समध्ये बोर्दोच्या डॉक्टरांच्या त्याचा उपयोग लक्षात आल्यापासून प्रोप्रॅनोलॉल हे औषध दिलं जातं, बालरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच.

तुमच्या मुलाचं यांपैकी नाही. जन्मापासूनचा, न ओसरलेला डाग आणि त्याच बाजूची फुगलेली हिरडी म्हणजे रक्तवाहिन्यांची रचनाच वेगळी घडलेली असू शकते. डाग कपाळ किंवा पापणीपर्यंत असेल तर स्टर्ज-वेबर सिंड्रोमचा विचार होतो. त्यात मेंदूचं आवरण आणि डोळाही सामील असतो. फिट येतात का आणि डोळ्याचा दाब तपासलाय का, हे मी आधी विचारेन. फिटसाठी फेनिटॉइन चालू असेल तर हिरडी दोन कारणांनी वाढलेली असेल.

आणि हलणारा दात. जबड्याच्या हाडात रोहिणी (हृदयाकडून रक्त आणणारी वाहिनी) आणि नीला (रक्त परत नेणारी) थेट जोडलेल्या असतील तर तिथला दात हलतो, हिरडीतून मधूनमधून रक्त येतं, बोटाखाली ठोका लागतो. असा दात खुर्चीत उपटला की जो रक्तस्राव होतो तो जीव घेऊ शकतो. डॉप्लर आणि अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या आणि त्यांतला प्रवाह दाखवणाऱ्या तपासण्या) आधी, मग गरज पडली तर त्या वाहिन्या आतून बंद करणं, आणि दात सगळ्यात शेवटी, भूलतज्ज्ञ आणि रक्ताची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात. तोवर शाळेच्या दंत-शिबिरात त्याला तपासायला बसवू नका, आणि दुधाचा दात म्हणून घरी कुणी जिभेने किंवा दोऱ्याने हलवू देऊ नका.